सागाची बी आणि मोहाची बी

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या रानात साग आणि मोह ही दोन झाडे पुष्कळदा एकमेकांच्या शेजारी उभी असतात. माती एक, पाऊस एक, वाराही एकच. परंतु दोघांच्या बियांचा स्वभाव मात्र अगदी निराळा. सागाचे फळ पौष-माघाच्या सुमारास गळून पाचोळ्यात पडते आणि तेथेच पडून राहते. पहिला पाऊस येऊन गेला, तरी ते रुजेलच असे नाही. कधी ते दुसऱ्या पावसाळ्याची वाट पाहते, तर कधी तिसऱ्या. मोहाची गोष्ट याच्या उलट. त्याचे फळ ज्येष्ठ-आषाढात, पाऊस दाराशी येऊन उभा असता पिकून पडते आणि ओलावा मिळताच त्यातील बी थोड्याच दिवसांत कोंब काढते. ओलावा मिळाला नाही, तर काही आठवड्यांतच ती निर्जीव होते. एक बी थांबणारी आणि दुसरी घाई करणारी. ही दोन्ही झाडे पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवायची असतील, तर प्रथम त्यांच्या बियांचा हा स्वभाव ओळखला पाहिजे.

वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या संगमातून प्राणहिता नदी सिद्ध होते व ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या नद्यांच्या खोऱ्यांत महाराष्ट्रातील फार मोठे वन पसरले आहे. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या क्षेत्रफळाचा दोन तृतीयांशांच्या आसपासचा भाग आजही वनाखाली आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, चारोळी, आवळा, बेहडा अशा नाना वृक्षांनी आणि बांबूच्या बेटांनी हे रान समृद्ध झाले आहे. त्यांत आलापल्लीच्या सागाचे नाव मोठे. त्याचे लाकूड बळकट, टिकाऊ आणि अंगचे तेल असलेले असल्यामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. बल्लारपूरच्या आगारातून हे सागवान दूरदूरच्या बाजारपेठांत जाते. मोहाच्या लाकडाला असा मान नाही. परंतु त्याची थोरवी लाकडात नसून फुलांत आणि फळांत आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी रसाळ फुले वेचून व वाळवून घरोघर साठवली जातात. फळाच्या गराची भाजी होते. बीला कोठे टोळ, कोठे टोरी, तर कोठे टोळंबी म्हणतात. तिच्यापासून तेल निघते आणि ते स्वयंपाकातही वापरतात. ज्या वर्षी शेत दगा देते, त्या वर्षी गोंड आणि माडिया कुटुंबांना मोह हाच मोठा आधार वाटतो.

असे हे रान डोळ्यांना भरगच्च दिसत असता त्यातील झाडे जपण्याची चिंता कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर झाडांकडे पाहून मिळणार नाही. ते झाडांच्या पायथ्याशी पाहावे लागते. एखाद्या गावात नुसते आजी-आजोबाच राहत असतील आणि अंगणात एकही मूल खेळताना दिसत नसेल, तर त्या गावाचे पुढे काय होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. कित्येक गावांभोवतीच्या आणि शेतांच्या बांधांवरच्या मोहांची स्थिती अशीच आहे. वर भरदार वृक्ष आणि खाली एकही रोप नाही. फुले नीट दिसावीत व वेचता यावीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात आणि त्या आगीत कोवळी रोपे होरपळतात. पुढे टोळ पडतात, तेव्हा तेलासाठी एकूण एक बी वेचली जाते. त्यांतून एखादी निसटून रुजलीच, तर गुरांच्या तोंडी पडते. जुना वृक्ष आपले आयुष्य संपवून उन्मळतो, तेव्हा त्याची जागा घेण्यास कोणीच नसते.

सागाची अडचण वेगळी आहे. सागाची रोपे लक्षावधींच्या संख्येने लावली जातात. तेव्हा साग संपेल, अशी भीती कोणाला वाटत नाही. पण झाडांची संख्या ही एक गोष्ट आणि त्यांच्या वंशाची विविधता ही दुसरी. रानात कुऱ्हाड शिरली, की ती आधी सरळ, उंच आणि निरोगी वृक्षालाच शोधते. वाकडा व खुरटा साग मागे राहतो. शंभर-दीडशे वर्षे असेच चालले, तर रानात बी टाकण्यास मुख्यतः वाकडेच उरतात. त्यातच एका मोठ्या लागवडीचे सारे बियाणे थोड्याशाच झाडांचे असले, तर त्या लागवडीतील सर्व रोपे एकमेकांची भावंडे ठरतात. एखादी कीड किंवा एखादा कडक उन्हाळा एकाला सोसला नाही, तर तो इतरांनाही सोसत नाही. म्हणून रानातील निरनिराळ्या जागी वाढलेल्या उत्तम वृक्षांचे बियाणे ते वृक्ष उभे आहेत तोवर जमवून ठेवणे, हे लागवडीइतकेच महत्त्वाचे कार्य आहे.

हे कार्य लांबणीवर टाकल्यास काय प्रसंग ओढवतो, याचे उदाहरण हिंदी महासागरातील एका लहान बेटावर घडले आहे. मॉरिशस देशाच्या ताब्यात रॉड्रिग्ज नावाचे बेट आहे. कॉफीच्या कुळातील एक झुडूपवजा झाड केवळ याच बेटावर वाढत असे. तेथील लोक त्याला कॅफे मारों म्हणत. बेटावरील रान तुटले, बाहेरून आणलेल्या शेळ्यांनी रोपे खाल्ली, परक्या वनस्पती माजल्या आणि हे झाड नामशेष झाले, असे सर्वांनी गृहीत धरले. १९८० मध्ये तेथील एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना बेटावरच्या दुर्मिळ वनस्पती शोधण्यास सांगितले, तेव्हा एका मुलाने रस्त्याच्या कडेची एक फांदी तोडून आणली. ती त्याच झाडाची निघाली. साऱ्या जगात त्या जातीचे ते एकच झाड उरले होते. त्याच्याभोवती कुंपण घालावे लागले. १९८६ मध्ये त्याच्या काही फांद्या विमानाने लंडनजवळील क्यू येथील वनस्पती उद्यानात नेल्या गेल्या आणि त्यांपैकी एक कलम जगले. त्याला फुले पुष्कळ येत, पण बी मात्र धरत नसे. रुजणारी बी मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. जे काम पूर्वी एका मोसमात, एका टोपलीने झाले असते, त्यासाठी तज्ज्ञांना वीस वर्षांच्या आसपास झटावे लागले.

बेटावरच्या झाडाला पळून जाण्यास दुसरी जागा नसते, हे या कथेचे मर्म आहे. परंतु बेट होण्यासाठी भोवती समुद्रच असला पाहिजे, असे नाही. चहूकडे शेते, रस्ते, खाणी आणि एकाच जातीच्या लागवडी पसरल्या, की मध्ये उरलेला मूळ रानाचा तुकडा हेही एक बेटच होते. आलापल्लीजवळ सुमारे ६ हेक्टरांचा असाच एक तुकडा १९५३ पासून कुऱ्हाडीपासून दूर राखला गेला आहे. ‘वनवैभव’ हे त्याचे सार्थ नाव. येथील गगनाला भिडणारे साग पाहिले, म्हणजे पूर्वीचे रान कसे असेल याची कल्पना येते. जैवविविधता कायद्यान्वये २०१४ मध्ये या स्थळाला ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून घोषित करण्यात आले. महाराष्ट्रात असा मान मिळालेले हे पहिलेच स्थळ होय. या वृक्षांचे मोल त्यांच्या उंचीत जेवढे आहे, तेवढेच त्यांच्या बियांत आहे. मात्र एवढ्याशा तुकड्यावर वादळ किंवा वणवा आला, तर काय होईल, याचाही विचार करावा लागतो. ज्याच्यापाशी थोडेच धन असते, त्याने ते एकाच पेटीत ठेवू नये.

बियांची पेटी कशी असावी, हे कळण्यासाठी बी म्हणजे काय, ते पाहू. बीच्या पोटात एक अतिशय लहान रोप झोपलेले असते. त्याच्या उशाशी त्याची शिदोरी असते आणि भोवती एक कवच असते. झोपेतही ते रोप जिवंत असते. त्याचा श्वास मंद गतीने चालू असतो आणि त्याबरोबर शिदोरी हळूहळू सरत जाते. बीत ओलावा अधिक असला किंवा हवा उष्ण असली, तर हा श्वास जलद चालतो. शिवाय बुरशी आणि किडे यांनाही आमंत्रण मिळते. उलट, बी कोरडी आणि थंड राहिली, तर झोप गाढ लागते. शेतकऱ्यांच्या घरातील बायकांना हे मर्म फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भाजीपाल्याचे आणि कडधान्यांचे बियाणे उन्हात कडक वाळवणे, त्यात राख मिसळणे, कडुनिंबाचा पाला घालणे आणि शेणामातीने लिंपलेल्या कणगीत ते झाकून ठेवणे, ही त्यांची रीत त्याच नियमाला धरून आहे.

विज्ञानाने हाच नियम आकड्यांत बसवला. बीमधील ओलावा शेकडा १ ने उतरवला, तर तिचे आयुष्य सुमारे दुप्पट होते आणि साठवणीच्या जागेचे तापमान ५ अंशांनी उतरवले, तरीही ते सुमारे दुप्पट होते. हा ठोकताळा काही मर्यादेतच लागू पडतो; तथापि त्याचे बळ हिशेब केला म्हणजे कळते. ओलावा शेकडा १२ वरून शेकडा ८ वर आणला, तर आयुष्य चार वेळा दुप्पट होते, म्हणजेच सोळापट वाढते. यावरच आजच्या बीजपेढ्या उभ्या आहेत. तेथे बिया स्वच्छ करतात, थंड व कोरड्या हवेच्या खोलीत सावकाश वाळवतात, हवाबंद पाकिटांत भरतात आणि शून्याखाली १८ अंश तापमानात ठेवतात. काही वर्षांच्या अंतराने थोड्या बिया काढून रुजवून पाहतात आणि शंभरांपैकी किती रुजल्या, याची नोंद करतात. दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. तिच्या पेढीत मुख्यतः पिकांचे चार लाखांहून अधिक नमुने अशा रीतीने सुरक्षित आहेत. विदर्भात अकोला येथे तिचे प्रादेशिक केंद्र आहे. रानटी वनस्पतींसाठी इंग्लंडमध्ये वेकहर्स्ट येथे २००० मध्ये उभारलेली सहस्रक बीजपेढी जगात सर्वांत मोठी समजली जाते. कोरडी बी किती काळ जगू शकते, याचे एक नवल इस्रायलमध्ये दिसले. तेथील मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये पेरली असता रुजून आली.

सागाची बी या थांबणाऱ्या बियांच्या जातीची आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात सागाला फुलोरा येतो आणि फळे थंडीत पिकतात. फळाभोवती कागदासारखे पातळ, फुगीर वेष्टन असते. त्याच्या आत लाकडासारखे टणक कवच आणि कवचात चार कप्पे. चारही कप्प्यांत बी भरतेच असे नाही; बहुधा एक किंवा दोन बिया हाती लागतात. कवचामुळे बी सुरक्षित राहते, पण त्यामुळेच तिला रुजणे अवघड जाते. म्हणून रोपवाटिकेत सागाची फळे रात्रभर पाण्यात भिजवून दिवसा उन्हात वाळवण्याचा क्रम आठ-पंधरा दिवस चालवतात. त्यायोगे कवच ढिले पडते. ताज्या फळांपेक्षा वर्षभर ठेवलेली फळे अधिक चांगली रुजतात, असाही अनुभव आहे. असे बियाणे नीट वाळवून ठेवले, तर ते कित्येक वर्षे उपयोगी पडते. सागाला पेढी मानवते.

परंतु पेढीत काय ठेवले जाते, हे ठेवण्यापूर्वीच ठरते. बियाणे जमवणे म्हणजे झाडाखाली दिसेल ते पोत्यात भरणे नव्हे. प्रथम मातृवृक्षांची निवड करावी लागते. ज्याचे खोड सरळ आहे, ज्याला फांद्या उंचावर फुटल्या आहेत, जो निरोगी आणि भर वयातला आहे, असा वृक्ष निवडतात. एकाकी उभ्या असलेल्या झाडाचे बी सहसा घेत नाहीत, कारण त्याचे परागीकरण पुष्कळदा त्याचे त्याच्याशीच झालेले असते. निवडलेले वृक्ष एकमेकांपासून दूर असावेत आणि ते दोन-चार नसून पंचवीस-पन्नास असावेत. झाडाखालची जागा आधी झाडून घेतात, म्हणजे जुनी व किडकी फळे नव्यांत मिसळत नाहीत. गोळा केलेली फळे पोत्यात चोळून वेष्टन काढतात व उन्हात वाळवतात. प्रत्येक पिशवीत गाव, दिवस, मातीचा प्रकार आणि झाडांची संख्या लिहिलेली चिठ्ठी घालतात. जिच्यावर अशी चिठ्ठी नाही, ती पिशवी म्हणजे नाव हरवलेले मूल. आलापल्लीच्या रानातून वनविभागाने असे निवडक साग हेरून त्यांची कलमे केली आहेत, ती याच हेतूने. रानटी वनस्पतींचे बी जमवणारे आणखी एक पथ्य पाळतात: त्या दिवशी जितके पक्व बी उपलब्ध असेल, त्याच्या एक-पंचमांशाहून अधिक घ्यायचे नाही. उरलेले रानाचे.

आता मोहाकडे वळू. सागासाठी जे पथ्य, तेच मोहासाठी विष ठरते. मोहाची बी मांसल, तेलकट आणि ओलाव्याने भरलेली असते. झाडावरून पडते तेव्हाच ती उगवण्याच्या तयारीत असते. तिला झोप ठाऊक नाही. ती उन्हात वाळवली, तर तिच्यातील कोवळ्या रोपाचा जीव जातो. हवाबंद करून गोठवली, तर आतला ओलावाच तिचा घात करतो. १९७३ मध्ये रॉबर्ट्स या इंग्रज शास्त्रज्ञाने बियांचे दोन वर्ग केले: वाळवणे सोसणाऱ्या आणि वाळवणे न सोसणाऱ्या. आंबा, फणस आणि मोह ही दुसऱ्या वर्गातील झाडे. एका किलोत मोहाच्या साधारण चारशे-साडेचारशे बिया बसतात. परंतु त्या किलोभर बिया एखाद्या शहाण्याने सागाप्रमाणे वाळवून डब्यात ठेवल्या, तर पुढच्या वर्षी त्यांतून तेल निघेल, रोप निघणार नाही. ओलसर वाळूत ठेवून थोडे दिवस निभावता येतात, इतकेच. मोहासाठी जगातील कोणतीही शीतपेटी आज कणगीचे काम करू शकत नाही.

मग मोह राखायचा कसा? त्याची बी थांबत नाही, तर माणसाने तिच्या घाईशी पाऊल जुळवले पाहिजे. फळ पडताच गर काढावा, बी धुवावी आणि पहिल्या पावसात त्याच आठवड्यात पिशवीत किंवा वाफ्यात पेरावी. तिचे मूळ लवकर खोल जाते, म्हणून रोप उशिरा हलवले तर दुखावते. याहून सोपा उपाय म्हणजे काही बिया जागच्या जागी राहू देणे. मोहाचे फळ वटवाघळांना फार प्रिय. ती फळे दूर नेऊन गर खातात आणि बी टाकून देतात. असा हा रानचा पेरणारा वेतन न घेता काम करतो. फक्त त्याच्या वाट्याची फळे झाडावर उरली पाहिजेत. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोहफुले वेचल्यामुळे फळे कमी येतात, असे काहींना वाटते. ते खरे नाही. जे रसाळ फूल गळून पडते, ते केवळ पाकळ्यांचे पात्र असते. फळ होणारा भाग फांदीवरच राहतो. म्हणून फुले वेचणारा मोहाचा अपराधी नाही. अपराध असेल, तर तो पाचोळ्याला लावलेल्या आगीचा आणि शेवटची बीही उचलणाऱ्या हाताचा. आग न लावता झाडाखालची जागा खराट्याने झाडली किंवा जुने लुगडे व जाळी अंथरली, तरी फुले स्वच्छ मिळतात.

परंतु एवढे सांगून प्रश्न सुटत नाही. बी जमिनीवर सोडणे म्हणजे घरातले तेल सोडणे. ज्या घरात तेलाची बाटली विकत आणण्यास पैसा नाही, त्या घरच्या बाईला ‘चार टोपल्यांपैकी एक सोड’ असे सांगणे सोपे आहे. तिला ते सोसणे सोपे नाही. शिवाय तिने सोडलेली बी दुसऱ्याने उचलली, तर तिचा त्याग फुकटच जायचा. चारोळीच्या बाबतीत नेमके हेच घडताना दिसते. आपण फळ पिकू दिले, तर दुसरा येऊन तोडून नेईल, या भीतीने ते हिरवेच ओरबाडतात आणि कधी कधी फांदीच तोडतात. त्यामुळे दाणा हलका भरतो, भाव कमी येतो आणि बी रुजण्याजोगी होत नाही. येथे एकट्याचे शहाणपण अपुरे पडते. साऱ्या गावाचे एकमत लागते.

असे एकमत होऊ शकते, हे गडचिरोली जिल्ह्यातीलच एका लहान गावाने दाखवून दिले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाची ग्रामसभा आपले निर्णय बहुमताने न घेता सर्वसंमतीने घेते. रानाला आग लावायची नाही, रानातून किती आणि काय घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे, असे नियम गावाने स्वतःच स्वतःसाठी केले. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. त्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. रान आपले आहे आणि उद्याही आपलेच राहणार आहे, अशी खात्री पटली, म्हणजे आज चार बिया सोडण्याचे धैर्य येते. सर्वांनी सारखेच सोडले, तर एकाचे नुकसान दुसऱ्याचा लाभ होत नाही. मोहाची खरी बीजपेढी अशा ग्रामसभेच्या निर्णयात असते. तिला वीज लागत नाही, परंतु एकमेकांवरचा विश्वास लागतो.

म्हणून पेढी श्रेष्ठ की रान श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ होय. पेढीतील बी सुरक्षित असते, पण ती झोपलेली असते. बाहेर उन्हाळे वाढतात, पावसाचे दिवस मागेपुढे होतात, नव्या किडी येतात. त्यांच्याशी झुंजण्याची सवय तिला लागत नाही. रानातले झाड मात्र प्रत्येक पिढीला थोडे थोडे शिकत असते. उलट, रानावर एकाएकी संकट आले, तर रानाला पुन्हा उभे करण्याजोगे जे काही उरते, ते पेढीतच उरते. सागासाठी दोन्ही आधार आहेत. मोहासाठी मुख्यतः एकच, आणि म्हणून त्या एका आधाराची काळजी दुप्पट घेतली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये ‘महाराष्ट्र जनुक कोश’ या प्रकल्पास मान्यता दिली. त्यात पिकांच्या स्थानिक वाणांबरोबरच वनहक्काखालील क्षेत्रांचे संवर्धन आणि वनांचे पुनरुज्जीवन या विषयांचाही समावेश केला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. बी डब्यात राखणे आणि बी जमिनीत राखणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्यातून मान्य झाले.

मोह लावला, तर फुले दिसण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. साग घरबांधणीच्या कामास येण्यास साठ-ऐंशी वर्षे लागतात. तेव्हा सागाची बी पेरणारा माणूस त्या झाडाच्या तुळईखाली बहुधा झोपत नाही. ते सुख त्याच्या नातवंडांच्या वाट्याला येते. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरांत जे सागाचे खांब उभे आहेत आणि ज्या मोहाखाली मुले टोपल्या घेऊन पहाटे बसतात, ती झाडे आज हयात नसलेल्या कोणीतरी राहू दिली होती. येत्या आषाढात रानावाटेने जाताना पायाशी कोंब फुटलेली मोहाची बी दिसली, तर ती ओलांडून पुढे जावे, किंवा बोटभर खड्डा करून तिच्यावर माती लोटावी. एवढ्याने रान वाढत नाही, हे खरे. पण रानात वाढलेला प्रत्येक मोह एकेकाळी तेवढाच होता.